सात वर असतो

दसरा झाला की दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात ओले कीबोर्ड यायला लागतात. खंडेनवमीला सगळ्या पनवेलला भक्तीचा असा काही उमाळा येतो की विचारू नका. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, माउसला हळदकुंकू, कीबोर्डवर अक्षता, आणि नारळ फोडायचा तो नेमका टेबलाच्या कडेवर. पाणी बटणांच्या फटींतून आत जातं. दोन दिवसांनी ते चिकटतं, एक बटण दाबलं की तीन अक्षरं उमटतात, आणि मग माणसं तोंड पाडून माझ्याकडे येतात. "बाई, काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." आपोआप! मी आतून फुगलेले तांदूळ काढतेय आणि हे मला आपोआप सांगतात.

मी अरुंधती. टपाल नाक्याजवळच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवऱ्याने टाकलं होतं, तो गेल्यावर बारा वर्षं मी चालवते. माझं तोंड फटकळ आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पण आज मला सांगायचंय ते प्राजक्ताबद्दल. माझ्याबद्दल यात जे येईल ते मला स्वतःला आवडणारं नाही, पण ते वगळून ही गोष्ट सांगता येत नाही.

प्राजक्ता नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी वाडीतली. आई चिंधी जन्मभर वीटभट्टीवर राबली. पोरगी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली आणि नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे झाडलोटीला आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने माझ्यासमोर काडेपेटी धरली. आत एक स्क्रू, दोन स्प्रिंगा आणि एक रबराची टोपी. "बाई, झाडताना गावलं. ह्ये कुणाचं हाय?" तो स्क्रू मी दोन दिवस शोधत होते आणि सगळ्या गल्लीला शिव्या देत होते. मी म्हटलं, ठेव तो झाडू आणि बस इथे.

ती बसली. शिकली. आज कीबोर्ड उघडून पुन्हा जोडण्यात तिचा हात धरणारं पनवेलमध्ये कुणी नाही, हे मी छातीठोक सांगते. पण भित्री! भित्री म्हणजे किती? दुकानातला फोन वाजला तरी दचकायची. इस्त्रीचा शर्ट घातलेला गिऱ्हाईक आला की उठून उभी राहायची. पोलिसाची गाडी गल्लीतून गेली की हातातला पेचकस खाली. मी तिला सगळ्यांसमोर भागूबाई म्हणायचे. "आमच्या भागूबाईला विचारा, भागूबाई अजून मोजतायत!"

कारण ती मोजायची. कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली रबराची एक छोटी टोपी असते, दाबलं की दबणारी आणि सोडलं की वर येणारी. ती बोटाच्या पेराएवढी वस्तू हरवली की बटण मेलं. प्राजक्ता अंड्यांचे चार ट्रे घेऊन बसायची आणि एकेका खळग्यात एकेक टोपी ठेवायची. एकशे चार. काढताना मोजायची, धुऊन वाळवल्यावर मोजायची, बसवायच्या आधी परत मोजायची. वर एका पुठ्ठ्यावर तिने बटणांचा नकाशा काढून ठेवला होता, तो समोर असल्याशिवाय एक बटण बसवायची नाही. सगळं झालं की कॉम्प्युटरला लावायची आणि एकेक बटण दाबून, पडद्यावर बघून, तोंडाने म्हणायची. ए ला ए. बी ला बी. मला वैताग यायचा.

"अगं, नऊ वर्षं झाली. अजून नकाशा लागतो?"

"भ्या वाटतंय बाई."

"कसलं भय? कीबोर्ड आहे तो, बॉम्ब नाही."

ती हसायची नाही. मान खाली घालून परत एकपासून सुरू.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर चिंधीच्या पायात भट्टीवर पत्रा घुसला. तिने हळद भरली आणि आठ दिवस तशीच काम करत राहिली. पाय काळा पडायला लागला तेव्हा प्राजक्ता रडत माझ्याकडे आली. उरण नाक्याच्या बाजूला एक छोटं नर्सिंग होम आहे, तिथले डॉक्टर माझे जुने गिऱ्हाईक. मी शब्द टाकला, चिंधीला भरती करून घेतलं. तपासलं तर साखर चारशेच्या वर. पाय वाचवायचा तर आधी साखर खाली आणायची. रोज जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन, दिवसातून तीन वेळा, बारा-बारा युनिट.

चिंधी सुईला मुलीपेक्षाही जास्त भ्यायची. साठीची बाई, उन्हात करपलेली, हातावर भट्टीचे डाग, आणि सुई दिसली की लहान पोरासारखी कॉटच्या कोपऱ्यात. मी भेटायला गेले तेव्हा तिने उशीखालून मूठ काढून मला चिंचोके दाखवले. एक सुई टोचली की एक चिंचोका.

"ह्ये कशाला गं चिंधी?"

"मोजून ठेवते बाय. माझ्या अंगात किती घातल्या, मला ठावं नको?"

मी हसले. खोटं कशाला सांगू, रिक्षात बसल्यावरही हसत होते. म्हटलं, आई तशी लेक. दोघींनी मोजत बसायचं.

दसऱ्यानंतरचा चौथा दिवस. प्राजक्ता सकाळी आईला डबा देऊन आली, ती काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कीबोर्ड घेऊन. वॉर्डच्या काउंटरवरचा. तिथल्या मोठ्या सिस्टर भावना, त्यांनी दिला होता. खंडेनवमीची पूजा, आणखी काय! पेशंटचे औषधाचे कागद कॉम्प्युटरवरून निघतात, दोन दिवस हाताने लिहून लिहून त्यांचा हात दुखायला लागला होता. "साडेअकरापर्यंत द्यायला सांगितलाय बाई," प्राजक्ता म्हणाली. "दुपारचा कागद त्येच्यावरच काढायचा हाय."

तिने उघडला. मागचे अकरा स्क्रू, एक कंपनीच्या लेबलाखाली लपलेला, तोही तिने नखाने चाचपून काढला. कडेच्या खाचा जुन्या कार्डाने सोडवल्या. वाकवलेल्या तारेने बटणं उपसली आणि साबणाच्या पाण्यात टाकली. आत कुंकवाचा लगदा झाला होता. टोप्या निघाल्या, त्यांच्याखालचे ते प्लास्टिकचे पारदर्शक पातळ तक्ते निघाले, ज्यांच्यावर विजेच्या वाटा छापलेल्या असतात. तिने ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, पंख्याखाली वाळवले. अक्षतांचे सात दाणे मोजून कागदाच्या पुडीत ठेवले. पूजेचे म्हणून टाकायलाही भीती!

दुकानात त्या दिवशी ही गर्दी होती. सहा माणसं उभी, दोन भांडतायत, फोन थांबत नाही. सव्वाअकरा झाले. प्राजक्ताची अक्षरांची बटणं बसवून झाली होती, उजवीकडचा आकड्यांचा चौकोन तेवढा राहिला होता. आणि ती उठून बाहेरच्या नळावर चाळणी धुवायला गेली, कारण तिला चाळणीत एखादी टोपी अडकल्याचा संशय आला.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, नऊ आकडे बसवायला काय अक्कल लागते? मी कीबोर्ड पुढे ओढला, एका गिऱ्हाइकाशी बोलत बोलत बटणं उचलली आणि बसवली. टक, टक, टक. वरच्या ओळीत एक, दोन, तीन. मग चार, पाच, सहा. खाली सात, आठ, नऊ. एकचं बटण जरा उंच राहिल्यासारखं वाटलं, मी अंगठ्याने दाबून बसवलं. वायर लावली, सगळ्यांवरून बोट फिरवलं, पडद्यावर आकडे भराभर उमटले. एकही बटण मुकं नव्हतं. झालं!

प्राजक्ता आत आली. "बाई, मी येकदा बघून घेऊ?"

"काही बघायचं नाही. चालतोय. जा, देऊन ये, मग तुझी आरती बाकीच्या तीन कीबोर्डांची कर."

"येकदाच बाई. पाच मिनिटं."

"प्राजक्ता! जा म्हटलं ना!"

ती गेली. पावणेबाराला सिस्टरच्या हातात दिला आणि भेटीची वेळ नाही म्हणून आईला न बघताच परत आली. पुढचा कीबोर्ड उघडला. मी गिऱ्हाइकं पांगवली, चहा सांगितला, आणि तिच्या समोर बसले.

साडेबारा झाले असतील. ती त्या दुसऱ्या कीबोर्डचा आकड्यांचा चौकोन बसवत होती. वरच्या कोपऱ्यात तिने सात ठेवला. शेजारी आठ.

मला हसू आलं. "भागूबाई, नकाशा असून चुकलात! उलटं लावतेयस. एक वर असतो."

तिने मान वर केली नाही. हळू आवाजात म्हणाली, "नाय बाई. सात वर असतो."

"काहीतरीच काय! हा बघ माझा मोबाइल. एक, दोन, तीन वर."

"मोबाइलला एक वर असतो. कीबोर्डला सात वर असतो."

मी वाद घालायला म्हणून माझ्या टेबलावरचा कीबोर्ड ओढला. सात, आठ, नऊ. वर. बारा वर्षं मी त्याच कीबोर्डवर बिलं काढतेय. बोटं आपोआप जातात, डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं. दिवसभर मोबाइल हातात, त्यामुळे मनात एक वर बसलेला.

प्राजक्ताचे हात थांबले. तिने आता माझ्याकडे बघितलं. "बाई... तो सकाळचा... तुमी काय लावला वर?"

तिला माझ्या तोंडावरूनच कळलं. तिचा चेहरा असा झाला की मी तो अजून विसरले नाही. ती बोटांवर मोजायला लागली, ओठ हलत होते. बटणावर एक लिहिलेलं, पण दाबलं तर आत उमटणार सात. दोन दाबलं तर आठ. तिच्या आईला बारा युनिट.

"अठ्ठ्याहत्तर," प्राजक्ता म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात बारा पस्तीस. वॉर्डात एक वाजता जेवण येतं. इंजेक्शन त्याच्या आधी.

मी नर्सिंग होमला फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. तिसऱ्यांदा रिंग गेली, वाजत राहिली, कुणी उचलला नाही. डॉक्टरांचा मोबाइल बंद. चौथ्या वेळी भलताच नंबर लागला. प्राजक्ता तोवर गल्लीच्या तोंडाशी पोचली होती, चपला दुकानातच. मी शटर न ओढता तिच्या मागे धावले.

रिक्षा मिळाली. मी रिक्षावाल्याला काय सांगितलं देव जाणे, तो बिचारा घाबरून हॉर्न दाबतच निघाला. पण पुढे एसटी, तिच्यापुढे टेंपो, त्याच्यापुढे काय ते दिसेना. सगळं ठप्प. मी आयुष्यात इतकी भ्याले नव्हते. नवरा गेला तेव्हाही नाही, तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. इथे ते अजून व्हायचं होतं, आणि ते मी केलं होतं. डोळ्यांपुढे ती एकच गोष्ट, चिंधीच्या करपलेल्या हाताला धरलेली सुई. एवढ्या इन्सुलिनने माणसाची साखर धाडकन खाली येते, घाम फुटतो, शुद्ध जाते. आणि ती बाई शुद्धीवर असली तरी सांगणार काय? तिचं ऐकतंय कोण?

प्राजक्ता रिक्षात बसून पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. कान दिला तर, "वर सात आठ नऊ. मधी चार पाच सहा. खाली एक दोन तीन." तेच, परत परत. मग एकदम म्हणाली, "बाई, मी धावते," आणि चालत्या-थांबत्या रिक्षातून उतरून गाड्यांच्या मधून गेली. तिची हिरवी ओढणी एकदा दिसली, मग दिसेनाशी झाली.

दोन मिनिटांनी मीही उतरले. माझं वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे गेलेले. कशी धावले ते मला विचारू नका. एका दुकानाच्या घड्याळात बारा बावन्न दिसले. मनात म्हणत होते, प्राजक्ता पोचली असेल, एव्हाना पोचलीच असेल.

नर्सिंग होमच्या दारात पोचले तर प्राजक्ता बाहेरच होती.

वॉचमनने दारात हात आडवा लावला होता. ती हात जोडत होती. "दादा, सोडा ओ. माझी आई हाय आत. सुई चुकीची हाय. दादा, पाया पडते."

"पास दाखव. चार वाजता ये. तुम्हा लोकांना वेळ-काळ समजत नाही का?"

ती चांगली सहा-सात मिनिटं तिथे उभी होती. अनवाणी, विस्कटलेली, रडणारी. त्याने तिला ढकलून पायरीखाली केलं होतं. मी धापा टाकत आले, तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसता हात केला. वॉचमन बाजूला झाला. "या मॅडम." मला त्याने पासचं विचारलंसुद्धा नाही. माझ्या मागून प्राजक्ता आत घुसली आणि मला मागे टाकून जिना चढली.

वरून चिंधीचा आवाज येत होता. ओरडणं नव्हतं ते, चिरकणं होतं.

वॉर्डच्या दाराशीच पहिली कॉट तिची. दोन आयांनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते. नुकतीच कामाला लागलेली एक सिस्टर, पोरगीच ती, हातात भरलेलं इंजेक्शन घेऊन उभी. ट्रेमध्ये दुसरं भरून ठेवलेलं. इन्सुलिनच्या सुईत चाळीसच युनिट मावतात, अठ्ठ्याहत्तर द्यायला दोन लागतात. पोरीने कागद वाचला होता आणि कागदाप्रमाणे दोन भरल्या होत्या. तिचा तरी काय दोष?

आणि चिंधी कॉटवर लाथा झाडत होती. "येका टायमाला येक सुई! दोन नाय! काल दुपारी येक, आज सकाळी येक. दोन नाय घेनार मी!" जमिनीवर चिंचोके विखुरले होते. आजूबाजूच्या कॉटवरची माणसं हसत होती. एक आया म्हणत होती, "धरा गं नीट, जंगली आहे नुसती."

"थांबा!" प्राजक्ता ओरडली. नऊ वर्षांत मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. तिने जाऊन त्या सिस्टरचं मनगट धरलं. "बारा हाय. बारा! कागद चुकलाय!"

भावना सिस्टर काउंटरवरून धावत आल्या. कागद घेतला. त्या कागदावर अकरा पेशंट होते. चिंधी पहिलीच, बाकी कुणाला अजून काही दिलेलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी शेजारी धरली. बारा. अठ्ठ्याहत्तर. पुढच्या कॉटचा वीस, कागदावर ऐंशी. सिस्टरचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी दोन्ही सुया स्वतःच्या हाताने फोडून टाकल्या.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. वाटलं, वाचली. देवा, वाचली!

प्राजक्ता काउंटरवर गेली होती. ओढणीच्या टोकाला बांधलेली ती वाकडी तार सोडली, सहा बटणं उपसली, जागेवर बसवली. एकेक बटण दाबून, पडद्यावर बघून म्हणत होती. "सातला सात. आठला आठ."

आणि भावना सिस्टर तिच्या डोक्याशी उभ्या राहून बोलायला लागल्या. भीती उतरली की माणसाला राग येतो, तसा त्यांना आला होता. "काय करून आणलंस तू हे? अगं, माणसं मेली असती! वाचता येतं ना आकडे? कुणी बसवलं तुला दुकानात? आजपासून इथल्या कशालाही हात लावायचा नाही. आणि आत सोडायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील."

आता माझी वेळ होती. मला ठाऊक होतं. "सिस्टर, ते मी लावलं, मी," एवढंच म्हणायचं होतं. माझं तोंड, जे गल्लीत कुणाला ऐकत नाही, ते उघडेना. दुकान दिसलं, पाटी दिसली, पोलीस दिसले, पेपरात नाव दिसलं.

प्राजक्ताने माझ्याकडे बघितलंही नाही. मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं."

तिला तिथून बाहेर काढलं. त्या दिवशी तिला आईजवळ बसू दिलं नाही. खाली पडलेले चिंचोके तेवढे तिने गोळा केले, मोजले, आणि जाताना आईच्या मुठीत दिले.

दुकानात आल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. "तू का म्हणालीस? चूक माझी होती. तू तर बघू का म्हणत होतीस."

ती अंड्यांचा ट्रे पुढे ओढत होती. "तुमी कधी बोलणी खाल्ली नाय बाई. मला बोलतातच."

एवढंच. रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मला झोप लागली नाही. सकाळी नऊला मी नर्सिंग होमला गेले. वॉचमन उठून उभा राहिला. डॉक्टरांच्या केबिनमध्ये भावना सिस्टरही होत्या. मी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. मोबाइल काढून दाखवला, याला एक वर, कीबोर्डला सात वर. म्हटलं, प्राजक्ताने दोनदा विचारलं होतं, मी तिला बघू दिलं नाही. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग मान हलवली. "अहो अरुंधतीताई, होतं असं. गडबडीत कुणाचंही होतं. तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका, बीपी वाढेल." भावना सिस्टर म्हणाल्या, "मलाही पडद्यावर बघायला हवं होतं. तुम्ही बसा ना, उभ्या का?" त्यांनी खुर्ची ओढली. बेल वाजवली. बशीतून बिस्किटं आली, चहा आला.

आणि मी तो प्याले. काय करणार होते? पिता पिता मला काल पायरीखाली ढकललेली प्राजक्ता दिसत होती. चूक तीच, सुई तीच, अठ्ठ्याहत्तर तेच. पोरगी नऊ वर्षं कशाला भीत होती ते मला त्या चहाच्या कपात कळलं, आणि मी तिला नऊ वर्षं भागूबाई म्हणत होते.

निघताना मी प्राजक्ताला आत सोडायचं कबूल करून घेतलं. चिंधीचा पाय वाचला. भरती झाल्यापासून पंधरा दिवसांनी ती वाडीवर गेली, पदराच्या गाठीत सत्तेचाळीस चिंचोके घेऊन.

पण त्या सकाळी मी दुकानात परत आले तेव्हा प्राजक्ता शटरच्या बाहेर उभी होती. माझ्याआधी आलेली. रात्रभर रडलेले डोळे.

"तुमी सांगितलं बाई?"

"सांगितलं."

तिच्या हाताची बोटं ओढणीत गुंतली. "मग... काय केलं त्यांनी तुमाला?"

माझ्या तोंडात अजून त्या बिस्किटाची चव होती. मी शटरला हात घातला, ते वर केलं, आणि तिच्याकडे न बघता म्हटलं, "चहा दिला."

ती आत गेली, दिवा लावला, अंड्यांचे ट्रे मांडले आणि एकपासून मोजायला लागली. मी तिच्या शेजारी बसले, आणि तिच्याबरोबर मोजू लागले.